उमामी हा सातवा रस मानावा काय?

खंडाळा येथील एका अभ्यासवर्गाच्या निमित्ताने

श्रावणातल्या खंडाळ्यात दोन दिवस एका जुन्या बंगल्यात आमचा द्रव्यगुणाचा अभ्यासवर्ग भरला होता. आठ-दहा वैद्य, तीन औषधविक्रेते, आणि लोणावळ्यास योगाभ्यासासाठी आलेले चार परदेशी विद्यार्थी असा मेळ होता. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली, तेव्हापासून या परिसरास परदेशी जिज्ञासूंची सवय आहे. त्यामुळे त्यांच्या उपस्थितीचे कोणास नवल वाटले नाही. ‘रस’ हा विषय माझ्याकडे होता. फळ्यावर सहा रसांची नावे लिहून मी बशा फिरविल्या. मधुरासाठी नाक्यावरून आणलेली गुळाची चिक्की, अम्लासाठी चिंच, लवणासाठी सैंधव, कटूसाठी मिरी, तिक्तासाठी कडुनिंबाचे पान व कषायासाठी कात. जिभेवर ठेवा, लक्षणे वहीत लिहा, मग वाग्भटांनी दिलेल्या लक्षणांशी ताडून पाहा, अशी नेहमीची पद्धत.

बशा परत आल्यावर जपानहून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘आमच्याकडे उमामी ही पाचवी चव मानतात. ती या फळ्यावर कोठे आहे?’’ मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘‘मधुरात.’’ तिने चिक्कीच्या बशीकडे बोट दाखवून शांतपणे विचारले, ‘‘या मधुरात?’’

मजजवळ उत्तर नव्हते. उत्तर चूक होते असे नव्हे. ते का बरोबर आहे हे मला ठाऊक नव्हते. शास्त्र शिकविणाऱ्यास हा भेद झोंबतो. त्या रात्री चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय पुन्हा उघडला. पुढील विवेचन हे त्या रात्रीच्या व त्यानंतरच्या वाचनाचे फळ होय. परदेशी विद्यार्थ्यांना शिकविण्याचा योग आता अनेक वैद्यबंधूंना येतो आणि हा प्रश्न त्यांच्याही वाट्यास येणार, म्हणून ते येथे मांडीत आहे.

उमामीची हकीकत

टोकियो येथील विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली हा शब्द प्रचारात आणला. जपानी स्वयंपाकात ‘कोंबू’ नावाच्या सागरी शैवालाचा काढा करतात. त्यास ‘दाशी’ म्हणतात. आपल्याकडे आमटीस जसे डाळीचे पाणी, तसा तेथे बहुतेक पदार्थांस हा आधार. त्या काढ्याची चव गोड, आंबट, खारट वा कडू यांपैकी एकाही नावात बसत नाही असे इकेदांना जाणवले. त्यांनी कोंबूतून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्याचे क्षार हेच त्या चवीचे कारण असल्याचे दाखविले. हे आम्ल नवे नव्हते. १८६६ साली रिटहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने ते गव्हाच्या चिकट प्रथिनातून मिळविले होते; मात्र त्याच्या चवीचे महत्त्व त्या वेळी ध्यानात आले नव्हते. १९०९ पासून त्याचा सोडियमयुक्त क्षार ‘अजिनोमोटो’ या नावाने बाजारात आला. चायनीजच्या गाडीवर पांढऱ्या भुकटीला आपल्याकडे सर्रास याच नावाने ओळखतात, हे सांगणे नकोच.

पुढे इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये सुकविलेल्या बोनिटो माशातून ‘इनोसिनेट’ शोधले, आणि १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ‘ग्वानिलेट’चा उमामी गुण दाखविला, शिताके या वाळविलेल्या अळंबीत ते विपुल असते. कुनिनाकांनी आणखी एक गोष्ट दाखविली, आणि वैद्यांच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. ग्लुटामेट व ही दुसरी द्रव्ये एकत्र आली की चव नुसत्या बेरजेने नव्हे, कित्येक पटींनी वाढते. संयोगाने गुणोत्कर्ष होतो, हे आपणांस नवे नाही.

तरीही पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी उमामीस स्वतंत्र चव म्हणून मान्यता देण्यास जवळपास शतक घेतले. ती केवळ ‘चव वाढविणारी’ गोष्ट आहे, स्वतःची चव नव्हे, असा त्यांचा आक्षेप होता. १९८५ साली हवाई येथे या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २००० व २००२ साली जिभेवरील ग्राहकांचा, म्हणजे चव टिपणाऱ्या सूक्ष्म प्रथिनांचा शोध लागल्यावर वाद बहुतांशी मिटला. त्यानंतर जपानी पाककर्ते व संशोधक यांनी जगभर उमामीचे पाठ देण्यास आरंभ केला. त्यांची एक रीत अनुकरणीय आहे. ते व्याख्यानाआधी श्रोत्याच्या हाती एक लहान टोमॅटो देतात व तो तीसेक वेळा चावावयास सांगतात. आरंभी आंबट-गोड चव येते, ती ओसरते, आणि मग जिभेवर जे रेंगाळते ते उमामी. व्याख्या नंतर, अनुभव आधी.

चैत्ररथ वनातील परिषद

आता आपल्या शास्त्राकडे वळू. रसांची संख्या किती, हा प्रश्न आपल्या आचार्यांनी गृहीत धरला नव्हता. त्यावर भांडण झाले होते. चैत्ररथ वनात जमलेल्या ऋषींपैकी भद्रकाप्य म्हणाले रस एकच, तो जलाहून भिन्न नाही. शाकुंतेयांनी दोन मांडले, पूर्णाक्ष मौद्गल्यांनी तीन, हिरण्याक्ष कौशिकांनी चार, कुमारशिरा भरद्वाजांनी पाच. वार्योविद राजर्षींनी सहा सांगितले खरे, पण ते गुरु, लघु, शीत, उष्ण, स्निग्ध व रूक्ष असे, म्हणजे वस्तुतः गुण. विदेहराज निमींनी आपल्या सहा रसांत क्षार मिळवून सात केले, बडिश धामार्गवांनी त्यात अव्यक्त घालून आठ केले, आणि बाह्लीक देशाचे वैद्य कांकायन म्हणाले की रस मोजताच येणार नाहीत. शेवटी पुनर्वसू आत्रेयांनी सहाचा निर्णय दिला.

परीक्षेसाठी आपण सर्वांनी हा अध्याय पाठ केलेला असतो. ‘षडेव’ हे उत्तर लक्षात राहते आणि आत्रेयांनी प्रत्येक प्रतिपक्ष कोणत्या कारणाने नाकारला ते विसरते. उमामीच्या प्रश्नात मात्र ती कारणेच उपयोगी पडतात.

हिरण्याक्षांचे चार रस म्हणजे स्वादू व हितकर, स्वादू व अहितकर, अस्वादू व हितकर, अस्वादू व अहितकर. आत्रेय म्हणतात, स्वादू वा अस्वादू वाटणे ही ज्याची त्याची आवड आहे आणि हित-अहित हा प्रभाव आहे. यांना रस म्हणता येत नाही. ‘उमामी’ या जपानी शब्दाचा अर्थच ‘रुचकरपणा’ असा आहे. जर उमामी म्हणजे नुसती रुचकरता असेल, तर प्रश्न येथेच संपला. मात्र प्रतिपक्षास न्याय द्यावयाचा तर हे सांगितले पाहिजे की इकेदांना अभिप्रेत अर्थ तेवढाच नाही. ग्लुटामेट नुसत्या पाण्यात घालून दिले तर कोणास फारसे आवडत नाही. त्याची चव मंद व विचित्र लागते. तरी ती ओळखता येते. म्हणजे आवड निराळी आणि जिभेस होणारे ज्ञान निराळे.

निमींच्या क्षाराचे खंडन अधिक सूक्ष्म आहे. क्षार हे द्रव्य आहे, रस नव्हे. ते अनेक रसांच्या द्रव्यांपासून उत्पन्न होते, त्यात कटु-लवणप्रधान अनेक रस आहेत, ते एकाहून अधिक इंद्रियांचा विषय होते आणि ते प्रक्रियेने बनविले जाते. बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीस ही कसोटी लावून पाहावी. आरंभी ती गव्हाच्या प्रथिनापासून करीत. १९५६ मध्ये जपानमध्ये ग्लुटामेट बनविणारा जीवाणू सापडल्यानंतर ती उसाच्या मळीसारख्या पदार्थांना आंबवून करतात. अनेक योनी, करणाने निष्पत्ती, सोडियममुळे लवणाचा अंश. सबब ती भुकटी हे द्रव्य होय, रस नव्हे. पण एवढ्याने टोमॅटोतल्या वा अळंबीतल्या चवीचा निकाल लागत नाही. सैंधव हे द्रव्य आहे म्हणून लवण हा रस नाही असे कोणी म्हणत नाही. काही वैद्यमित्र क्षाराचे उदाहरण देऊन उमामी उडवून लावतात. त्यांची घाई मला पटत नाही.

निर्णायक उत्तर कांकायनांना दिलेले आहे. आश्रय, गुण, कर्म आणि संस्वादविशेष अगणित आहेत म्हणून रसही अगणित, असे कांकायन म्हणाले. आत्रेयांनी उत्तर दिले की हे सारे अगणित असले तरी त्यामुळे रसाचे प्रकार अगणित होत नाहीत. ऊस, दूध व गूळ यांची गोडी एक नाही, डोळे मिटूनही तिन्ही वेगळी ओळखता येतात. तरी आपण तीन रस मानीत नाही. एका रसाच्या पोटात चवींचे निरनिराळे विशेष असतात. त्या विशेषास संस्वाद हा नेमका शब्द आचार्यांनी योजिला आहे.

तर मग प्रश्न असा उरतो की उमामी हा मधुराचाच संस्वादविशेष आहे, असे म्हणावयास संहितांत आधार आहे काय?

अळंबीची साक्ष

आहे, आणि तो चिक्कीच्या बशीत नव्हे, अळंबीच्या टोपलीत आहे. चरकांनी अन्नपानविधी अध्यायात छत्रकांविषयी सांगितले आहे की सर्पच्छत्रक वर्ज्य करावे, इतर छत्रजाती शीत, पीनस उत्पन्न करणाऱ्या, मधुर व गुरू आहेत. मधुर! सह्याद्रीत पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ठाऊक आहे की ती साखरेसारखी गोड मुळीच लागत नाही. तरीही आचार्यांनी तिला मधुर म्हटले. मांसाचेही तसेच. मांसवर्गाचे सामान्य वर्णन मधुर रस व बृंहण असे येते. मांस गोड लागते असे कोणी जेवताना म्हणत नाही. गोधूम मधुर, माष मधुर, दुग्ध मधुर. गव्हाच्याच प्रथिनातून ग्लुटामिक आम्ल प्रथम मिळाले, हे वर आलेच आहे.

म्हणजे आचार्यांचा ‘मधुर’ हा साखरेचा गोडवा नव्हे. तो त्याहून पुष्कळ मोठा प्रदेश आहे. आपण मराठीत त्याचे भाषांतर ‘गोड’ असे करतो आणि त्या प्रदेशाचा निम्मा भाग हरवून बसतो. माझ्या चिक्कीच्या बशीने नेमका हाच घोटाळा केला होता.

वाग्भटांची लक्षणे आता पुन्हा पाहावीत. मधुर रस मुखास लिप्त करतो, देहास व इंद्रियांस प्रसन्न करतो. अम्लाने मुखास पाणी सुटते, लवणाने स्राव वाढतो. उमामीचे वर्णन करताना आधुनिक अभ्यासक तीन गोष्टी सांगतात: जिभेवर पसरून लिंपल्यासारखे वाटणे, दीर्घकाळ रेंगाळणे व लालास्राव होणे. पहिले लक्षण उघडच मधुराचे. तिसरे अम्ल-लवणांशी जुळते. दुसऱ्यासाठी अनुरसाची कल्पना पुढे येते. जो आरंभी व स्पष्टपणे कळतो तो रस आणि जो मागाहून, अस्पष्ट कळतो तो अनुरस. टोमॅटो तीस वेळा चावल्यावर जे उरते ते अनुरस या संज्ञेत सहज बसते.

मधुर हा जन्मापासून सात्म्य असलेला रस आहे, असेही आचार्य सांगतात. मातेच्या दुधात दुग्धशर्करा असते हे सर्वश्रुत आहे. त्याच दुधातील मुक्त अमिनो आम्लांत ग्लुटामेटचे प्रमाण सर्वाधिक असते आणि गाईच्या दुधापेक्षा ते कितीतरी अधिक असते, हे तितकेसे सर्वश्रुत नाही. अर्भकाची पहिली ओळख या दोन्हींशी एकाच घोटात होते.

आणखी एक जुळणी. गोडव्याचा ग्राहक दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो आणि उमामीचाही दोन प्रथिनांच्या जोडीने. त्यांपैकी एक प्रथिन, ज्यास टी-१-आर-३ म्हणतात, दोन्हींत समान आहे. दोघी एका घरच्या बहिणी म्हणाव्यात अशा. हे वाचून माझे मन प्रसन्न झाले, हे कबूल करतो. पण येथेच सावध राहावे. ग्राहकाचे एक प्रथिन समान निघाले म्हणून चरकांना ग्राहक ठाऊक होते असे भाषण ठोकणे हा शास्त्राचा गौरव नव्हे. आचार्यांचे निरीक्षण जिभेचे, देहाचे व रुग्णाचे होते. ते त्या पातळीवर खरे आहे आणि त्यास प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही. शिवाय कडूचे ग्राहक निराळ्या कुळातले आहेत, आंबट-खारटाची यंत्रणा तर त्याहून वेगळी. तेथे अशी सोयीची जुळणी शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

कटू व कषायाचे काय?

पाश्चात्त्य विद्यार्थी उलटा प्रश्नही विचारतात, तो येथेच उरकून घेऊ. त्यांच्या पाच चवींत गोड, आंबट, खारट, कडू व उमामी येतात. तिखट व तुरट येत नाहीत. मिरचीची आग ही उष्णता व वेदना टिपणाऱ्या नसांचे काम आहे, असे त्यांचे शास्त्र सांगते. तो ग्राहक १९९७ मध्ये सापडला व त्या संशोधनास २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तुरटपणा हा बहुतांशी स्पर्श मानला जातो. आपले सहा आणि त्यांचे पाच यांत केवळ एकाचे अंतर नाही. दोन आपल्याकडचे त्यांच्याकडे नाहीत आणि एक त्यांच्याकडचा आपल्याकडे स्वतंत्र नाही. याचे कारण मोजण्याचा हेतू भिन्न आहे. ते चवीची जाणीव कोणत्या पेशीतून होते ते मोजतात. आपण रस कोणत्या महाभूतांच्या आधिक्याने बनला व दोष-धातूंवर काय करतो ते मोजतो. पृथ्वी-जलांचा मधुर, वायू-अग्नीचा कटू. ज्यास स्वतंत्र भूतसंयोग नाही आणि स्वतंत्र कर्म नाही, त्यास आपल्या गणनेत स्वतंत्र जागा नाही. उमामीसाठी असे निराळे कर्म अद्याप कोणी दाखविलेले नाही. अन्नातील ग्लुटामेट बहुतांशी आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात.

शिकविताना भाषेचीही अडचण येते. संस्कृत ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू; मराठीने ‘कटु’वरून ‘कडू’ केले आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी अडखळत आले. परदेशी विद्यार्थ्यास हे पहिल्याच तासाला सांगावे. ‘उमामी’साठी मराठी शब्द शोधण्याचाही प्रयत्न आमच्या वर्गात झाला. कोणी ‘खमंग’ सुचविला, पण तो भाजण्याच्या गंधाचा शब्द. ‘चविष्ट’ हा आवडीचा शब्द, आणि आत्रेयांनी आवड बाद केलेली. मी तरी ‘उमामी’ हाच शब्द ठेवावा व त्यापुढे ‘मधुराचा संस्वादविशेष’ असे लिहावे या मताचा आहे.

दुसऱ्या दिवसाचा पाठ

दुसऱ्या दिवशी बशा बदलल्या. हा पाठ कोणासही आपल्या दवाखान्यात करता येईल म्हणून तपशील देतो. मुगाच्या डाळीत अठरा पट पाणी घालून यूष शिजविला व गाळून तीन भाग केले. पहिला तसाच, लवण-स्नेहाविना. म्हणजे अकृत यूष. दुसऱ्यात घरी नेहमी घालतो त्याच्या निम्मे सैंधव. तिसऱ्यात तितकेच निम्मे सैंधव, शिवाय एक पिकलेला टोमॅटो शिजवून गाळलेला रस व वाळविलेल्या अळंबीचे पाणी. अळंबी थंड पाण्यात काही तास भिजवून मग मंदाग्नीवर हळूहळू तापवावी. ग्वानिलेट वाळवणे, भिजवणे व हलके तापवणे या क्रमाने तयार होते. ताज्या अळंबीत ते अल्प असते, आणि एकदम उकळल्यास ते बनण्यास अवधी मिळत नाही. आम्ही बाजारातली धिंगरी वापरली. शिताकेचा जोर तिला नाही, तरी काम भागते. रानातली अळंबी मात्र खात्रीच्या जाणकाराविना वापरू नये. सर्पच्छत्रकाचा इशारा आजही तितकाच खरा आहे.

तिन्ही वाट्या ओळीने चाखल्यावर वर्गातील बहुतेकांनी तिसऱ्या वाटीत मीठ अधिक असल्याचे सांगितले. मीठ दुसऱ्या व तिसऱ्या वाटीत सारखेच होते. जपानी विद्यार्थिनी हसली. तिला ते अपेक्षित होते. मग तिने वहीत ‘मधुर’ या शब्दाभोवती एक मोठे वर्तुळ काढले आणि त्यात चिक्की, दूध, मांस, अळंबी अशी लहान वर्तुळे काढली. कोंबूसाठी तिने एक वर्तुळ रिकामे ठेवले. ते भरावयाचे किंवा नाही हे मी तिच्यावर सोडले, कारण कोंबूचे गुणकर्म संहितांत नाही आणि ते केवळ चवीवरून ठरविणे योग्य नव्हे.

रुग्णाच्या ताटात

आता ज्यासाठी हे सारे वैद्यांनी वाचावे ते. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग करू नये असे सांगितले आहे, आणि बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर या देशांतील लोक दुधाबरोबरही मीठ खातात असे निरीक्षण नोंदविले आहे. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविते. रक्तदाबाच्या रुग्णास आपणही ‘मीठ कमी करा’ असे सांगतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यास मी असेच सांगितले. गृहस्थ शिस्तीचे, बोरघाटात आयुष्य काढलेले. त्यांनी मीठ जवळपास बंद केले. दोन महिन्यांनी आले तेव्हा रक्तदाब उतरला होता आणि वजनही. अन्नावरची वासना गेली होती. ‘‘वैद्यराज, जेवण म्हणजे कागद चावल्यासारखे वाटते,’’ असे म्हणाले. मी अरोचकाची चिकित्सा आरंभिली. आले-सैंधव द्यावयाचे तर सैंधव हेही लवणच. अरोचक मीच उत्पन्न केला होता हे मला त्या वेळी उमगले नाही. खंडाळ्याहून परतल्यावर त्यांना तिसऱ्या वाटीचा यूष, निम्म्याहूनही कमी सैंधवाने, रात्रीच्या जेवणाआधी सुरू केला. त्यांचे रक्तदाबाचे ॲलोपॅथिक औषध अर्थातच चालू ठेवले. तीन आठवड्यांत ते भाकरी मागून घेऊ लागले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि आले वा औषध यांचा वाटा किती हेही वेगळे काढता येणार नाही. तथापि वृद्धांच्या बाबतीत या दिशेने विचार करण्यास जागा आहे. वार्धक्यात लाळ कमी होते, बोधक कफाचे कार्य मंदावते. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठातील दंतवैद्यकांनी कोंबूचा चहा देऊन कोरड्या मुखाच्या रुग्णांत लालास्राव वाढविण्याचे प्रयत्न केले आहेत. कोविडनंतर चव गेलेल्यांना हेच लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही. तेथे बहुधा गंधज्ञानाचा दोष असतो.

अपवाद ध्यानात ठेवावेत. वातरक्ताच्या रुग्णास वाळविलेली अळंबी, सुकट, जवळा, मांसरस यांचा आग्रह धरू नये, कारण इनोसिनेट व ग्वानिलेट ही प्युरीन कुळातील द्रव्ये आहेत आणि त्यांतून यूरिक आम्ल बनते. पीनस, कास, आमावस्था यांत अळंबी नकोच. चरकांनी तिचा दोष स्पष्ट सांगितला आहे. तेथे नुसता मूग-टोमॅटोचा यूष, वर मिऱ्याची चिमूट. बाजारातील खारवलेली मासळी घालून मीठ वाचविल्याचा आनंद मानणारे एक कुटुंबही मी पाहिले आहे.

आता पांढऱ्या भुकटीविषयी, कारण औषधविक्रेत्यांना गिऱ्हाईक हेच विचारते. १९६८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेस बधिरता, अशक्तपणा व धडधड जाणवल्याचे एका डॉक्टरांचे पत्र छापून आले. त्यावरून या भुकटीची अपकीर्ती जगभर पसरली. पुढील तपासण्यांत नेहमीच्या प्रमाणात अन्नासह घेतल्यास तसा परिणाम सातत्याने दिसून आला नाही. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने तिच्या दैनिक सेवनास आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नाही असे ठरविले. उलट २०१७ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने शरीराच्या दर किलो वजनास दिवसाला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचविली. तिला विष म्हणणे अशास्त्रीय आहे. परंतु आपला आक्षेप विषाचा नाहीच. रस हा द्रव्याच्या आश्रयाने राहतो. मुगाच्या यूषात चवीबरोबर मूग येतो, अळंबीत अळंबीचे गुरुत्व येते. भुकटीत चव येते आणि निकृष्ट अन्न गोड करून घेतले जाते. तिच्यात सोडियम सुमारे बारा टक्के असते, मिठात एकोणचाळीस. हा हिशेब खरा असला तरी जो स्वयंपाकी भुकटी घालतो तो मीठ कमी करतोच असे नाही.

दुकानात ‘पथ्याचे’ म्हणून सूपची पाकिटे ठेवणाऱ्यांनी वेष्टनाची मागची बाजू वाचावी. ६२१ हा क्रमांक या भुकटीचा; ६२७ व ६३१ हे ग्वानिलेट आणि इनोसिनेट, ६३५ हे दोहोंचे मिश्रण. हे क्रमांक नसूनही ‘यीस्टचा अर्क’ किंवा ‘हायड्रोलाइज्ड भाजी-प्रथिन’ असे लिहिलेले असेल, तर ग्लुटामेट त्या वाटेने आलेले असते. २०११ च्या भारतीय नियमावलीत भुकटी घातलेल्या पदार्थावर बारा महिन्यांखालील बालकांस देऊ नये अशी सूचना छापण्याची तरतूद केली गेली. ती बारीक अक्षरात असते, म्हणून बाळाची आई गिऱ्हाईक असेल तर ती मोठ्याने वाचून दाखवावी. वातरक्ताचा रुग्ण पाकीट मागू लागल्यास ६२७, ६३१ व ६३५ पाहून ते परत फळीवर ठेवावे, आणि पाव किलो मुगाची डाळ बांधून द्यावी.